स्प्रिंगबॉक्सचा नऊ नंबर: सुरुवातीला कोण हवा?

तिरपा चेंडू

क्रिकेटच्या धाग्यावर रग्बीचा विषय काढला तर 'वेगळा धागा काढा' म्हणून हाकललंत. तर हा घ्या वेगळा धागा. आता इथे येऊन आयपीएलच्या गप्पा मारणाऱ्याला मीही हाकलणार.

प्रश्न साधा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघात, म्हणजे स्प्रिंगबॉक्समध्ये, ९ नंबरची जर्सी घालून सामन्याची सुरुवात कोणी करायची? दावेदार चार. कोबस राइनाख, ग्रँट विल्यम्स, जेडन हेंड्रिक्से आणि मोर्ने फान डेन बर्ग. पाचवा फाफ द क्लर्क, ज्याचं नाव काढल्याशिवाय ही चर्चा कुठेच संपत नाही, म्हणून आत्ताच काढून मोकळा होतो.

ज्यांनी रग्बी फारशी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंधरा जणांत आठ फॉरवर्ड, म्हणजे रेटारेटी करणारी दांडगी मंडळी, आणि सात बॅक, म्हणजे पळणारे. या दोघांच्या मधला माणूस तो स्क्रमहाफ, म्हणजेच नऊ नंबर. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडलं की त्याच्यावर दोन्ही बाजूंचे गडी येऊन भिडतात, त्याला रक म्हणतात. त्या ढिगाच्या मागच्या टोकाला चेंडू दिसू लागला की नऊ नंबर वाकतो, चेंडूपाशी हात नेतो आणि मान वर करून बघतो. आपले कुठे उभे आहेत, समोरची भिंत कुठे विरळ आहे, त्यांचा सगळ्यात मागचा राखणदार, फुलबॅक, कुठे आहे. पंच 'यूज इट' ओरडला की पाच सेकंद. तेवढ्यात पास द्यायचा, स्वतः घुसायचं की उंच किक मारायची, हे ठरवायचं. एका सामन्यात हे कितीतरी वेळा. संघात सगळ्यात जास्त वेळा चेंडू ज्याच्या हातातून जातो तो हा माणूस, आणि बहुतेक वेळा मैदानावरचा सगळ्यात बुटकाही हाच.

माझं मत: ग्रँट विल्यम्स, पहिल्या मिनिटापासून.

नेहमीचं शहाणपण असं की वेगवान नऊ बाकावर ठेवा, साठाव्या मिनिटाला समोरचे दमले की सोडा. मला हे पटत नाही. आक्रमणाचा प्रशिक्षक टोनी ब्राउन आल्यापासून आफ्रिकेचं आक्रमण बदललंय. पूर्वी पुढे रेटा आणि किक मारा एवढाच कार्यक्रम असायचा. आता चेंडू या कडेकडून त्या कडेला फिरतो, फॉरवर्डसुद्धा हातातल्या हातात पास देतात. अशा खेळात रकमधून चेंडू किती लवकर बाहेर येतो यावर सगळं ठरतं. विल्यम्स तो उचलतो आणि तिथूनच फेकतो, मध्ये एक पाऊलही मागे घेत नाही. शिवाय रकच्या कडेला उभा असलेला बचावपटू त्याच्या धावेच्या धाकाने जागेवर खिळून राहतो, बाहेर सरकत नाही. ती जागा मग नऊकडून पास घेणाऱ्या दहा नंबरला, साशा फाइनबर्ग-म्गोमेझुलूला मिळते.

२०२४ चा एलिस पार्कचा सामना आठवा. ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडवाले, पुढे होते आणि शेवटच्या काही मिनिटांत विल्यम्सने ट्राय मारली, म्हणजे त्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. ३१-२७. याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑल ब्लॅक्स तीन कसोट्यांसाठी पुन्हा येताहेत आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात विश्वचषक. ठरवायची वेळ हीच.

बोला.

---

क्षितिजा

एलिस पार्कची ट्राय विल्यम्सने बाकावरून येऊन मारली होती. म्हणजे तुमचा पुरावा तुमच्याच विरुद्ध गेला की हो.

मी राइनाखच्या बाजूने आणि आकडेच मांडते. सप्टेंबर २०२५. न्यूझीलंडमध्ये ईडन पार्कवर विल्यम्स सुरुवातीला, पोलार्ड दहा नंबरला. हरलो, २४-१७. पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनला राइनाख आणि साशा. ४३-१०. ऑल ब्लॅक्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. मग नोव्हेंबरमध्ये पॅरिस. राइनाख सुरुवातीला, विल्यम्स बाकावर. लूड डी यागरला मध्यंतराआधी लाल कार्ड, फ्रान्स १४-१३ ने पुढे, आणि उरलेला सामना चौदा जणांनी खेळून ३२-१७ ने जिंकला. राइनाखने पहिल्या अर्ध्यात ट्राय मारली, विल्यम्सने दुसऱ्या अर्ध्यात. चाललेली जोडी का मोडायची?

---

तिरपा चेंडू

@क्षितिजा, वेलिंग्टनला नऊ नंबरच बदलला नव्हता, अर्धा संघ बदलला होता. ईथन हुकर, फासी, विलेम्से, साशा, सगळे त्या सामन्यासाठी नव्याने घेतलेले. श्रेय एकट्या राइनाखच्या खात्यात कसं टाकणार?

---

क्षितिजा

आणि ईडन पार्कचा पराभव मी एकट्या विल्यम्सच्या खात्यात टाकला असं कुठे म्हटलं? पण तुम्ही 'वेगवान नऊ पहिल्यापासून' म्हणताय ना? मग राइनाख काय चालत जातो? २०१९ ला कोबेमध्ये कॅनडाविरुद्ध वीस मिनिटांत तीन ट्राय मारल्या त्याने. विश्वचषकातली सगळ्यात जलद हॅटट्रिक. २०२३ ला रोमानियाविरुद्ध पुन्हा हॅटट्रिक. वडील याको राइनाख स्प्रिंगबॉक होते आणि ४०० मीटरचे नावाजलेले धावपटू. वेग घरातूनच आलाय.

---

आगाऊ बाळ

फाफ द क्लर्क म्हणजे तो चेन्नईवाला ना? रग्बीपण खेळायचा?? 😮

---

जुना खोडकर

बाळ, तो डु प्लेसी. हा द क्लर्क. लांब सोनेरी केस, उंची जेमतेम पावणेसहा फुटांच्या आत, आणि २०१९ च्या विश्वचषकाची अंतिम लढत जिंकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये फक्त आफ्रिकेच्या झेंड्याची चड्डी घालून प्रिन्स हॅरीशी हस्तांदोलन करणारा. फोटो शोध, सापडेल.

बाकी लोकांनो, तुमचे विल्यम्स आणि राइनाख असू देत. आम्ही योस्ट फान डर वेस्टहाउझेन पाहिलाय. ८९ कसोट्या, ३८ ट्राय, नऊ नंबरच्या माणसाने! १९९५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा दांडगा जोना लोमू सुटला होता तेव्हा त्याला आडवं करणारा हाच. त्यानंतर फूरी ड्यू प्रे, ज्याला सामना कुठे चाललाय हे बाकीच्यांच्या आधी पाच मिनिटं कळायचं. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपउपांत्य फेरीत वेल्सविरुद्ध स्क्रमच्या (दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांत अडकून रेटतात त्या घोळक्याच्या) मागून फर्म्यूलनने चेंडू सरकवला आणि कोपऱ्यात हा तयार. २३-१९. ती ट्राय योगायोग नव्हती, त्याने वेल्सची कड उघडी पडताना पाहिली होती.

सध्याच्या चौघांत असा डोकेबाज कोण? प्रामाणिकपणे सांगा.

---

डर्बनकर

मी सांगतो. जेडन हेंड्रिक्से.

हसू नका. इथे डर्बनला राहतो, इथल्या शार्क्स क्लबचे घरचे सामने किंग्ज पार्कला जाऊन बघतो, म्हणून विल्यम्स आणि हेंड्रिक्से दोघेही माझेच. तरी सुरुवातीला हेंड्रिक्से. कारण किक.

तिरपा चेंडू यांनी किकचा कार्यक्रम जुना झाला असं लिहिलंय. उलट आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पंचांना सूचना आहे की झेलणाऱ्याभोवती त्याच्या साथीदारांनी कुंपण घालायचं नाही. पूर्वी काय व्हायचं, नऊ नंबरने उंच किक मारली की समोरचे तीन-चार जण परत पळताना मुद्दाम वाटेत यायचे आणि झेलणारा निवांत चेंडू घ्यायचा. आता पाठलाग करणाऱ्याला मोकळी वाट मिळते. म्हणजे नऊ नंबरने रकच्या मागून नीट मारलेली उंच किक, बॉक्स किक म्हणतात ती, आता खरोखर निम्मी-निम्मी लढत असते, आणि उडी मारायला तुमच्याकडे विंगवर, म्हणजे कडेला पळणारे कोल्बे, हुकर, मूडी. हे हत्यार जगात सगळ्यांनी परत काढलंय.

आता किक 'नीट' म्हणजे काय ते सांगतो. सामन्याआधी सराव चालतो तेव्हा मी मुद्दाम लवकर जाऊन कडेला बसतो. हेंड्रिक्से टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांब कडेपासून, आठ-दहा मीटर आत उभा राहतो, एक जण नुसता चेंडू जमिनीवर धरून बसलेला. हा उचलतो, दोन छोटी पावलं मागे, आणि किक. चेंडू जातो फार लांब नाही, पंचवीस-तीस मीटर, पण वर इतका जातो की खालून पळणारा विंगर वेग कमी करून चेंडूची वाट बघत थांबतो. तो थांबला म्हणजे किक बरोबर. विंगर पोचायच्या आत चेंडू पडला तर हेंड्रिक्से स्वतःशीच पुटपुटतो आणि पुन्हा मारतो. एकाच जागेवरून, एकाच अंतरावर, पुन्हा पुन्हा. विल्यम्सची किक मला आवडते, पण ती कधी पाच मीटर लांब, कधी पाच मीटर कमी. कसोटीत ते पाच मीटर म्हणजे समोरच्याला फुकट झेल.

आणि डोकं विचारलंत ना, खोडकरबुवा? ३१ मे २०२५, यूआरसी या क्लबांच्या लीगची उपउपांत्य फेरी, आयर्लंडच्या मन्स्टरविरुद्ध. जादा वेळेनंतरही २४-२४, मग किकांवर निकाल. हेंड्रिक्से आपली किक मारून पायात गोळा आला म्हणून तिथेच आडवा. मन्स्टरचा जॅक क्रॉली ताटकळत उभा, आणि हा पडल्या पडल्या त्याला डोळा मारतो! शार्क्स जिंकले. आयर्लंडमध्ये अजून शिव्या देतात. मला सांगा, असला बेरकी माणूस तुम्हाला नऊ नंबरला नको?

---

क्षितिजा

बेरकी की चिटिंग? मला तरी ते बघवलं नव्हतं.

---

डर्बनकर

ताई, नऊ नंबरचा खेळच मुळी पंचाच्या कानाशी कुजबुजण्याचा आहे. पंचाला सगळ्यात जास्त सल्ले देणारा माणूस दाखवा, मी तुम्हाला स्क्रमहाफ दाखवतो. 😄

---

मी_माणदेशी

बराच वेळ नुसता वाचत होतो. सगळे एकच गोष्ट विसरताय. बाकावर कोण बसणार हे ठरल्याशिवाय सुरुवातीला कोण हे ठरतच नाही. निदान प्रशिक्षक रासी इरास्मसच्या संघात तरी नाही.

बाकी देश बाकावर पाच फॉरवर्ड, तीन बॅक ठेवतात. आफ्रिका सहा-दोन, कधी सात-एक. म्हणजे पाऊण सामना झाला की ताजे दांडगे एकदम आत सोडायचे. याची किंमत बॅक मोजतात. सात-एक मध्ये सगळ्या बॅक लोकांसाठी एकच बदली. २०२३ च्या विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध तो एक राइनाख होता. फाफ सुरुवातीला. दहा नंबरचा मणी लिबोक आणि फाफ दोघांनी किका घालवल्या, त्यातली फाफची एक खांबाला लागून परत आली. हरलो १३-८.

आणि अंतिम सामन्यात? बाकावरचा एकमेव बॅक विली ल रू. म्हणजे फुलबॅक! विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध राखीव स्क्रमहाफच नाही. फाफने ऐंशीच्या ऐंशी मिनिटं काढली आणि १२-११ ने जिंकलो. त्या दिवशी फाफचा घोटा मुरगळला असता तर आज वेगळाच धागा असता.

त्याआधीचे दोन सामने बघा. फ्रान्सविरुद्ध उपउपांत्य, २९-२८: राइनाख-लिबोक सुरुवातीला, फाफ-पोलार्ड नंतर. इंग्लंडविरुद्ध उपांत्य, १६-१५: सुरुवात तीच जोडी, पण पावसात काही चालेना म्हणून लिबोकला एकतिसाव्या मिनिटाला बाहेर काढला. पोलार्डने शेवटी जवळजवळ अर्ध्या मैदानावरून मारलेली किक सगळ्यांना आठवते. मला आठवतं ते हे की या तीन सामन्यांत नऊ नंबरची उत्तरं दोन होती आणि तिन्ही सामने एका गुणाने जिंकले.

त्यामुळे 'कोण चांगला' हा प्रश्न क्रिकेटमधल्या 'साहा की पंत'सारखा झालाय. उत्तर खेळपट्टी बघून बदलायचं की नाही?

---

तिरपा चेंडू

@माणदेशी, उत्तम प्रतिसाद, पण ही पळवाट झाली. 'परिस्थितीवर अवलंबून' असं तर कुठल्याही प्रश्नाला म्हणता येतं. समजा उद्या अंतिम सामना, कोरडं मैदान, सहा-दोनचा बाक. नाव सांगा.

---

मी_माणदेशी

सहा-दोन असेल तर राइनाख सुरुवातीला, विल्यम्स दुसरा. सात-एक असेल तर विल्यम्स सुरुवातीला आणि बाकावर नऊ नंबर नकोच.

कारण ऐकून घ्या. सात-एक मध्ये नऊ नंबरला ऐंशी मिनिटं पळावं लागणार. राइनाख फेब्रुवारी १९९० चा. २०२७ च्या विश्वचषकात तो ३७ वर्षांचा असेल. त्याच्याकडून पन्नास मिनिटं उत्तम मिळतील, ऐंशीची खात्री मी देणार नाही. विल्यम्स १९९६ चा. दुसरं, विल्यम्स विंगवरही खेळतो. २०२३ ला रोमानियाविरुद्ध रासी आणि तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक निनाबर या जोडीने चारही स्क्रमहाफ एकाच सामन्यात घेतले होते, त्यात विल्यम्स चक्क विंगला सुरुवातीपासून. म्हणजे तो मैदानावर असला की बाकावरच्या एकट्या बॅकचं ओझं हलकं होतं. कोणी जखमी झालं तर माणसं इकडून तिकडे सरकवता येतात.

---

आगाऊ बाळ

एकाच सामन्यात चार स्क्रमहाफ?? 😂 मग बाकीच्यांनी काय केलं

---

मी_माणदेशी

७६-० ने जिंकले. फाफ दहा नंबरचा पर्याय म्हणून बाकावर होता. तक्रारीला जागा नव्हती.

---

डर्बनकर

माणदेशी साहेब, तुमच्या दोन्ही उत्तरांत हेंड्रिक्से नाही. निषेध.

पण एक मुद्दा. ऑगस्टमध्ये ऑल ब्लॅक्सशी पहिली कसोटी जोहान्सबर्गला, एलिस पार्कवर. समुद्रसपाटीपासून सुमारे १७५० मीटर. हवा विरळ, किक लांब जाते आणि किनाऱ्यावरून आलेल्यांचा दम लवकर निघतो. तिथे मी विल्यम्सला मत देईन, सुरुवातीपासून. समोरच्याला पहिल्या वीस मिनिटांत पळवून पळवून मारायचं. केप टाउनला मात्र हिवाळ्यात पाऊस आणि वारा. तिथे चेंडू साबणासारखा होतो, लांब पास अर्धे हातातून सुटतात. तिथे किक मारणाराच हवा. म्हणजे हेंड्रिक्से. आणि राइनाखचं वय आत्ताच आडवं येतंय तर आत्ताच दुसऱ्याला कसोट्या द्यायला नकोत का? हेंड्रिक्से २००० सालचा आहे. नऊ नंबर बाकावर बसून तयार होत नाही.

---

जुना खोडकर

एलिस पार्कवर पळवून मारायचं म्हणता, पण गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाला पळवलं, २२-० ने पुढे गेलो, आणि मग त्यांनी ३८ गुण मारले. ३८-२२. दम आपलाच निघाला होता! उंचावर वेगाने खेळायचं तर खेळ थांबवणारा माणूसही लागतो. २२-० असताना एखादा ड्यू प्रे असता तर त्याने चेंडू रकमध्ये तसाच ठेवून पंच ओरडेपर्यंत वाट बघितली असती, मग त्यांच्या कोपऱ्यात चेंडू बाहेर मारून सगळ्यांना लाइनआउटच्या रांगेकडे चालत नेलं असतं. त्या दिवशी कोणी ब्रेक लावला नाही.

सध्याच्या चौघांत ब्रेक लावणारा मला राइनाखच दिसतो. माँपेल्ये क्लबकडून फ्रान्सची लीग जिंकलाय, इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनला खेळलाय. सगळ्या हवामानात, सगळ्या पंचांसमोर.

---

क्षितिजा

+१. हे मी कालपासून म्हणतेय.

---

आगाऊ बाळ

एक बाळबोध प्रश्न. नोव्हेंबरमध्ये डब्लिनचा सामना पाहिला, माझा पहिलाच. आयर्लंडला स्क्रममध्ये खूप रेटलं, शिवाय त्यांचे खेळाडू एकामागून एक कार्ड खाऊन बाहेर. मग नऊ नंबरला कोणी का असेना, फरक काय पडतो?

---

जुना खोडकर

शाब्बास. त्या दिवशी नऊ नंबरला मीही चाललो असतो, गुडघ्याच्या पट्ट्यासकट.

---

तिरपा चेंडू

@बाळ, प्रश्न बाळबोध नाही. फॉरवर्ड असे रेटत असले तर नऊ नंबरचं काम सोपं होतं, हे खरं. पण उलटं बघ. स्क्रम पुढे सरकतोय, पंचाचा हात पेनल्टीसाठी वर जायच्या बेतात आहे. चेंडू मागच्या पायांत तसाच ठेवून आणखी दोन पावलं रेटू द्यायचं की काढून खेळायचं, हे नऊ नंबर ठरवतो. घाई केली तर हातातली पेनल्टी गेली. उशीर केला आणि स्क्रम कोसळला तर पंच कोणाच्या बाजूने देईल याचा नेम नाही. डब्लिनला ते निर्णय बरोबर आले म्हणून तुला फक्त फॉरवर्ड दिसले.

आणि हो, २०२५ पासून रक-स्क्रमच्या मागे नऊ नंबरला जास्त संरक्षण आहे. पूर्वी समोरचा नऊ नंबर किंवा एखादा फॉरवर्ड हात घालून त्याला सतावायचा, ते आता चालत नाही. म्हणून मी विल्यम्सवर ठाम आहे. संरक्षण वाढलं म्हणजे उचलून पळणाऱ्याला एक-दोन क्षण जास्त. ज्याच्याकडे वेग आहे त्यालाच त्या क्षणांचा उपयोग.

---

डर्बनकर

त्याच क्षणांत किकही निवांत मारता येते हो.

---

मी_माणदेशी

मोर्ने फान डेन बर्गबद्दल धाग्यात अजून कोणीच बोललं नाही. तुरीनला इटलीविरुद्ध सुरुवातीला तोच होता आणि फ्रँको मोस्टर्टला लवकर लाल कार्ड मिळूनही ३२-१४ ने जिंकलो. लायन्सकडून खेळतो, म्हणजे एलिस पार्क त्याचं घरचं मैदान. तिथली विरळ हवा आणि चेंडू किती लांब जातो हे चौघांत त्यालाच सगळ्यात नीट माहीत. डर्बनकरांचा निकष लावला तर पहिल्या कसोटीत त्यालाच घ्यायला हवं.

---

डर्बनकर

हे बघा, मी निकष शार्क्ससाठी दिला होता.

---

तिरपा चेंडू

आतापर्यंतची मतं: राइनाख २, हेंड्रिक्से १, विल्यम्स १ (मी), माणदेशींचं मत बाकावर. खोडकरबुवांचं खरं मत १९९५ ला गेलंय, पण राइनाखमध्ये धरलं. एलिस पार्कचा संघ जाहीर झाला की इथेच टाकतो. तोवर राइनाखवाल्यांनी एवढंच सांगा: सात-एक चा बाक आला आणि तो साठाव्या मिनिटाला लंगडायला लागला, तर नऊ नंबरला कोणाला उभं करणार?

---

क्षितिजा

कोल्बेला. तो काहीही करू शकतो.